पार्सलचं पिकअप बुक करताय? गोव्यात या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की 'घरून पार्सल न्यायला कुरिअरचा पिकअपवाला आलाच नाही' ही तक्रार घरोघरी सुरू होते, आणि बऱ्याचदा घोळ बुकिंगच्या फॉर्ममध्येच झालेला असतो.

पहिली चूक पत्त्याची, आणि गोव्यात हीच जास्त नडते. एका गावात कितीतरी वाडे, म्हणजे वस्त्या, घर नंबर कुठून कुठे जातात पत्ता नाही, आणि आपण 'देवळाजवळ' लिहून मोकळे, आता कुठलं देऊळ ते त्या पोराला कसं कळणार? घर नंबर, वाडा, गाव, तालुका आणि ठळक खूण, म्हणजे कपेल (छोटं चर्च), पंचायत, रेशनचं दुकान, हे सगळं लिहा. पिन आपल्याच गावाचा टाका. म्हापशाचा ४०३५०७ किंवा मडगावचा ४०३६०१ पाठ असतो म्हणून तोच ठोकला तर रिक्वेस्ट दुसऱ्याच ब्रँचला जाऊ शकते. दिवाडी, चोडण या बेटांवर राहत असाल तर सकाळचा स्लॉट घ्या, फेरीबोटीच्या रांगेत संध्याकाळचा स्लॉट सहज हातचा जातो.

फोन उचला प्लीज! अनोळखी नंबर म्हणून कट केला की पिकअपवाला 'कस्टमर उपलब्ध नाही' टाकून पुढच्या घरी जातो, त्याचीही चूक नाही, त्याला अजून बरीच घरं करायची असतात.

वजनाचं बघा. एक्सप्रेस कुरिअरवाले बहुतेक सगळे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये घेऊन ५००० ने भागतात, आणि ते किंवा खरं वजन, जे जास्त येईल त्याचे पैसे लावतात. म्हणजे दोन किलो काजू ४० × ३० × ३० च्या खोक्यात भरले तर बिल ७.२ किलोचं. खोका लहान घ्या ना.

जुना खोका वापरताय तर आधीचं लेबल आणि बारकोड पूर्ण काढून टाका, नाहीतर मशीन जुनाच कोड वाचतं आणि पार्सल भरकटतं. पावसाळ्यात आतून प्लॅस्टिकची पिशवी हवीच.

फेणी, म्हणजे गोव्याची दारू, पाठवू नका, घरची असली तरी नाही, पॉवर बँकचं आधी विचारून घ्या कारण लिथियम बॅटरी विमानाने पाठवायचे नियम कडक आहेत.

तीन डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त (सेंट झेवियरचा सण), १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, या सुट्ट्या बाहेरच्या राज्यातल्या कॉल सेंटरला माहीत नसतात, म्हणून जवळच्या ब्रँचलाच विचारा.

आणि समजा कोणी आलंच नाही, तर लगेच दुसरं बुकिंग करू नका, पहिलं कॅन्सल करा किंवा रिक्वेस्ट नंबर देऊन वेळ बदलून घ्या. घाई असेल तर सरळ काउंटरवर नेऊन द्या, स्पीड पोस्ट घेणारं पोस्ट ऑफिस जवळपास असतंच. पार्सल हातातून सोडताना पावती घ्या किंवा समोर स्कॅन करून घ्या, तो म्हणाला 'ऑफिसात गेल्यावर करतो' तरी थांबवा, कारण स्कॅन नसेल तर पार्सल दिलं होतं हे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.