ठासणीच्या बंदुकीचा नेम: आधी चिंधी बघा

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर हरणाच्या शिकारीचा एक हंगाम खास चकमकीच्या, म्हणजे गारेच्या ठिणगीने पेटणाऱ्या ठासणीच्या बंदुकांचा असतो. त्यासाठी मी .50 कॅलिबरची (अर्धा इंच नळीची) बंदूक घेतली, आणि पहिले दोन महिने नुसती माशी (नळीवरची नेम धरायची खूण) सरकवत बसलो. गोळ्या तरी इकडेतिकडेच. खरं उत्तर जमिनीवर पडलं होतं.

बार उडाल्यावर गोळीभोवती गुंडाळून ठासलेली कापडाची चिंधी काही पावलांवर पडते. ती उचला. मधोमध काळा गोल डाग आणि कडा नुसत्या विसकटलेल्या असतील, तर जुळणी बरोबर आहे. गोल डागाच्या कडेने कापल्यासारखी असेल, तर नळीच्या तोंडाला किंवा आतल्या आट्यांना (पिळाच्या खाचांना) धार आहे. जळून भोकं पडली असतील, तर कापड पातळ आहे किंवा चिंधीला लावलेलं तेल कमी. माझी चिंधी जळत होती. 0.490 इंची गोळीला 0.015 इंच जाडीचं घट्ट विणीचं सुती कापड घेतलं आणि 50 यार्डांवरच्या गोळ्या तळहाताएवढ्या जागेत आल्या.

मग बंदुकीची दारू. काळीच वापरायची, धूररहित कधीच नाही, नळी फुटते. मापाने मोजून 60 ग्रेनपासून (ग्रेन हे दारूचं माप) पाच-पाचने वाढवा, बंदुकीसोबतच्या पुस्तिकेतल्या कमाल मर्यादेच्या आतच.

गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर धोका. गोळी ठासायच्या गजावर खूण करून ठेवा, दर वेळी तिथपर्यंतच. आणि प्रत्येक बारानंतर नळीतून ओलसर फडकं, मग कोरडं.