आकडे चांगले, पण आजींचे पाय गार

नागपुरात ट्रॉमा आयसीयूमध्ये, म्हणजे गंभीर जखमींच्या अतिदक्षता विभागात, नर्स म्हणून मला सात वर्षं झाली. नव्याने रुजू झालेल्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते, की म्हाताऱ्या पेशंटच्या मॉनिटरवर लगेच विसंबू नका.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. उमरेडकडच्या एक आजी अंगणात घसरून पडल्या होत्या, पेल्विसला (कमरेखालच्या हाडाला) फ्रॅक्चर. नाडी ७६, वरचं बीपी ११२. मी हँडओव्हर देताना 'स्टेबल' म्हटलं. रात्रपाळीच्या सिनियर सिस्टरने आजींच्या पायाला हात लावला तर पाय गार. युरिन बॅगेत दोन तासांत जेमतेम २० मिली. बाहेर बसलेल्या सुनेला त्यांनी विचारलं, "आजी गोळ्या कोणत्या घेतात जी?" तिने पिशवीच आणून दिली. त्यात नाडी मंद ठेवणारी मेटोप्रोलॉल होती, रक्त गोठू न देणारी क्लोपिडोग्रेलही होती. आत रक्तस्राव चालू होता, पण मेटोप्रोलॉल नाडी वाढूच देत नव्हती. आणि जिचं रोजचं बीपी १६०, तिच्यासाठी ११२ म्हणजे शॉकच. आजी वाचल्या, त्या सिस्टरमुळे. त्या रात्रीपासून मी आधी पाय चाचपते, मग आकडे लिहिते. साठी-पासष्टीपुढच्या पेशंटचं बीपी ९० च्या खाली जाण्याची वाट बघायची नसते. ११० च्या खाली आलं की डॉक्टरांना हाक मारा.

गोळ्यांची पिशवी डोक्याला मार लागलेल्यांसाठी तर फारच महत्त्वाची. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, कवटीत जागा होते. त्यामुळे रक्त साचत असतानाही माणूस बराच वेळ नीट बोलतो. त्यात वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सकाळी गप्पा मारणारे बाबाजी संध्याकाळी गुंगीत जातात. दर तासाला डोळ्यांच्या बाहुल्या आणि जीसीएस (शुद्ध किती आहे ते मोजणारे गुण) बघायचा कंटाळा करू नका.

बरगड्या मोडलेल्यांचं वेगळंच. दुखतं म्हणून ते खोल श्वास घेत नाहीत, खोकत नाहीत. कफ साचतो आणि दोन-चार दिवसांत न्यूमोनिया होतो. आपल्याकडची जुनी माणसं दुखणं सांगतही नाहीत. विचारलं की उत्तर एकच, "नाई दुखत जी." म्हणून विचारू नका, खोकायला सांगा आणि चेहरा बघा. चेहरा आक्रसला की वेदनाशमन पुरत नाही, ब्लॉक (तेवढा भाग बधिर करणारं इंजेक्शन) देता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मग उठवून बसवा, खोल श्वासाच्या व्यायामाचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर हातात द्या.

गडबड करणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. गप्प पडून राहिलेला दिसत नाही, आणि डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा मनाचा गोंधळ, म्हाताऱ्यांमध्ये बहुतेकदा असाच गप्प असतो. चष्मा, कवळी, कानाचं मशीन नातेवाईक घरी घेऊन जातात. ते परत मागवा. मे महिन्यात आमच्याकडे उन्हासाठी पडदे दिवसभर ओढलेले असतात, पेशंटला दिवस-रात्र कळत नाही. मी सकाळच्या पाळीत आल्या आल्या पडदा उघडते, ऊन तापेपर्यंत. गडचिरोलीकडचे कुणी फक्त गोंडी बोलत असतील, तर भेटीच्या वेळेबाहेरही घरच्या माणसाला आत घ्यायला इन्चार्जकडून परवानगी काढते.

आणि नातेवाइकांना विचारा, पडायच्या आधी यांचा दिवस कसा जायचा? त्या उमरेडच्या आजींच्या बेडजवळच्या बोर्डावर मी लिहिलं होतं, 'दळण आणायला एकट्या जातात.' ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्टने ते वाचलं, आणि त्याच दुपारी आजींना खुर्चीत बसवलं.