‘नाइस’चा अर्थ लावताना या चुका टाळा

भाषांतरं तपासायचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. अवघड शब्दावर सहसा कोणी आपटत नाही, कारण तो कोशात बघितला जातो. घात करतात ते ‘नाइस’सारखे लहानपणीच शिकलेले शब्द.

जुन्या मजकुरात आजचा अर्थ घालणं

नेपोलियनच्या लढायांवरचं एक भाषांतर माझ्याकडे आलं होतं. वॉटर्लूच्या लढाईच्या दुसऱ्या दिवशी, १९ जून १८१५ रोजी, ब्रुसेल्समध्ये नेपोलियनला हरवणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन आणि ब्रिटिश राजकारणी थॉमस क्रीव्ही भेटले, तो प्रसंग त्यात होता. ब्लूखरने (वेलिंग्टनच्या बाजूने लढलेला प्रशियाचा सेनापती) आणि मी मिळून ३०,००० माणसं गमावली, असं वेलिंग्टन सांगतो आणि लगेच त्या लढाईला ‘नाइस थिंग’ म्हणतो. भाषांतरात लिहिलं होतं, ‘पण एकंदरीत छान झालं.’

मी भाषांतरकाराला फोन केला. “सर, मूळ शब्द नाइसच आहे, मी परत पाहिलं,” तो म्हणाला. वाक्य खटकलं नाही का, असं विचारलं. खटकलं होतं. पण सेनापती निर्दय असेल असं समजून तो पुढे गेला होता. कोश उघडायचा कंटाळा केला आणि त्यापायी एका माणसाचा स्वभावच बदलून टाकला! त्या काळी नाइसला ‘नाजूक, जरा चुकलं तर हातचं जाईल असं’ हाही अर्थ होता. वेलिंग्टन म्हणत होता, ‘अगदी थोडक्यात निभावलं.’

कायद्याच्या लिखाणातलं ‘नाइस डिस्टिंक्शन’ आजही सूक्ष्म भेदच असतं. तिथला ‘छान फरक’ मी किती वेळा खोडला आहे! माझी सवय सांगतो. मजकूर जुना असेल तर समासात पेन्सिलीने त्याचं साल लिहितो आणि आधी सोपे शब्द कोशात बघतो. वेळ जातो, जाऊ द्यावा.

मूळ अर्थ हाच खरा अर्थ मानणं

ही चूक अर्धवट माहितीतून येते. नाइसचं मूळ लॅटिन ‘नेस्कियस’, म्हणजे न जाणणारा, अज्ञ. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. याच ‘स्किरे’पासून ‘सायन्स’ आला. जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा त्याचा अर्थ मूर्ख असाच होता, आणि चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर तो तसाच वापरतो. इथवर सगळं खरं आहे. पण एवढं वाचून कोणी सांगू लागतं की नाइस म्हणणं ही खरं तर शिवी आहे, तेव्हा मला राग येतो. संस्कृतात ‘साहस’ म्हणजे बळजोरी, अविचारी कृत्य. म्हणून आज कुणाच्या साहसाचं कौतुक केलं तर त्याला दांडगट ठरवलं असं होतं का? मूळ सांगितलं की पुढचा प्रवासही सांगावा: चोखंदळ, नाजूक, काटेकोर, आणि १८ व्या शतकात ‘छान’.

हा प्रवास सरळ जिन्यासारखा दाखवणं

तो तसा झालेला नाही. शेक्सपियरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये पत्र ‘नाइस’ नव्हतं असं येतं, तिथे अर्थ ‘क्षुल्लक’ असा आहे. एकाच काळात दोन-तीन अर्थ शेजारी नांदत होते. सुबक तक्त्यासाठी त्यातले गैरसोयीचे अर्थ गाळू नका.

आणखी काही

फ्रान्समधल्या नीस शहराचं रोमन लिपीतलं स्पेलिंग ‘नाइस’सारखंच आहे, पण त्याचं नाव ग्रीक ‘निकाया’वरून आलं. या शब्दाशी त्याचं काही नातं नाही.

‘नाइसटी’ म्हणजे चांगुलपणा नव्हे, बारकावा.

जुन्या शब्दाची अक्षरं फोडून त्यातून दुसरे शब्द काढू नका. ‘न्यूज’ चार दिशांच्या आद्याक्षरांतून आला हे सपशेल खोटं आहे. तो ‘न्यू’चंच अनेकवचन.

कोशातला पहिला अर्थ उचलून पळणारे तर रोज भेटतात. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात अर्थ काळाच्या क्रमाने लावलेले असतात, म्हणून तिथे नाइसच्या नोंदीत सुरुवातीलाच ‘मूर्ख’ भेटतो. नोंद शेवटपर्यंत वाचा, उदाहरणांच्या सालांसकट.