वायुदलात पायलट व्हायचंय? अकरावीचा फॉर्म जपून भरा

धानोरीत आमच्या गच्चीवर उभं राहिलं की लोहगावहून उठलेलं सुखोई आधी ऐकू येतं, मग दिसतं. शेजारच्याच इमारतीत राहणारा माझा भाचा त्या आवाजातच वाढला. दहावीला चांगले मार्क पडले, सायन्स मिळालं आणि कुणाच्या तरी सल्ल्यानं पठ्ठ्यानं गणित सोडून बायो ठेवलं. बारावीत एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) जाहिरात वाचायला बसला तेव्हा कुठे कळलं काय झालंय ते.

म्हणून पहिली पायरी अकरावीची. एनडीएतून वायुदलात किंवा नौदलात जायचं तर बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित तिन्ही लागतात. कुठलीही शाखा चालते ती फक्त भूदलाला. घरचे ‘मेडिकलचंही बघू’ म्हणत असतील तर बायो गणिताच्या जोडीला घ्या, गणिताच्या जागी नको. अभ्यास वाढतो, पण दोन वर्षांचाच प्रश्न आहे.

दहावीतच ठरलं असेल तर एनडीएची तयारी करून घेणाऱ्या राज्य सरकारच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेची प्रवेश परीक्षा द्या. मुलांसाठी ती छत्रपती संभाजीनगरला आहे, मुलींसाठी नाशिकला.

एनडीएचा अर्ज बारावीत शिकत असतानाच करता येतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस. नेमक्या जन्मतारखा जाहिरातीत असतात आणि दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीखच धरतात. यूपीएससी ही परीक्षा वर्षातून दोनदा घेते. गणित 300 गुणांचं, सामान्य क्षमता 600 गुणांची. गणितात 120 प्रश्न आणि अडीच तास, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिट. बोर्डात पायऱ्या लिहून मार्क मिळवणाऱ्यांची इथे दमछाक होते. उत्तर चुकलं तर त्या प्रश्नाचे एक तृतीयांश गुण कापतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही.

पुढे एसएसबीची, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाची मुलाखत, 900 गुणांची. तिथली पायलटची संगणकीय चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, त्यामुळे ‘बघू, पुढच्या वेळी’ हा हिशेब चालत नाही. निवड झाली की खडकवासल्यात तीन वर्षं. मग वायुदलाच्या कॅडेटला हैदराबादजवळ दुंडीगलच्या वायुदल अकादमीत पुढचं प्रशिक्षण. बीटेकला असलेल्यांना पदवी खडकवासल्यात नाही, या पुढच्या टप्प्यात मिळते.

एनडीए हुकली तर पदवीनंतर एएफकॅट, म्हणजे वायुदलाची स्वतःची प्रवेश परीक्षा आहे. वय 20 ते 24, कमर्शियल पायलटचं लायसन्स असेल तर 26 पर्यंत. पदवी बीकॉमचीही चालते, 60 टक्के हवेत. पण इथेही बारावीचं गणित आणि फिजिक्स पाठ सोडत नाही. दोन्हींत वेगवेगळे किमान 50 टक्के लागतात. एकूण 82 टक्के आणि फिजिक्सला 47 असले तर फ्लाइंग ब्रँच विसरा. त्यामुळे बारावीला फिजिक्सचे 30 मार्कांचे प्रॅक्टिकल हसण्यावारी नेऊ नका. जर्नल वेळेवर तपासून घेतलं तरी बरंच साधतं. या वाटेनं येणारं कमिशन, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणूक, 14 वर्षांचं असतं.

भाच्यासाठी दोन्ही वाटा बंद झाल्या. त्याची धाकटी बहीण यंदा अकरावीला गेली. एनडीएत 2022 पासून मुलीही आहेत, हे मला तिनंच सांगितलं. कॉलेजच्या ऑफिसात विषयांचा कागद देण्याआधी तिनं तो माझ्यापुढे धरला. ‘मामा, गणित दिसतंय ना?’

दिसत होतं.