जुन्या शेल तेलविहिरीचे उत्पादन पुन्हा कसे वाढवावे

नॉर्थ डकोटातील बाकेन किंवा टेक्सासमधील ईगल फोर्ड या भागांतील शेल (म्हणजे बारीक कणांच्या घट्ट खडकातील) विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात निम्म्याहून खाली येते. मात्र खडकातील बहुतांश तेल तिथेच राहिलेले असते, आणि ते मिळवण्याचा मार्ग म्हणजे रिफ्रॅकिंग, म्हणजेच त्याच विहिरीतून पाणी आणि वाळू उच्च दाबाने सोडून खडकाला पुन्हा चिरा पाडणे.

सर्वांत जास्त वेळ विहिरीच्या निवडीला द्यावा. ज्या विहिरींत सुरुवातीला केसिंगला (विहिरीतील पोलादी नळीला) पाडलेल्या छिद्रांचे गट दूरदूर ठेवले गेले आणि वाळू कमी वापरली गेली, त्यांच्या भोवतीचा खडक बराचसा अस्पर्शित असतो. याउलट, जिथला खडकच मुळात तेलाने दरिद्री आहे, तिथे कितीही पंपिंग केले तरी पैसा वायाच जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. शेजारच्या विहिरींचा दाब आणि उत्पादनाच्या नोंदीही तपासाव्यात.

त्यानंतर विहीर साफ करून केसिंगची मजबुती तपासावी. साडेपाच इंची केसिंगमध्ये चार इंची लायनर (आतली अरुंद नळी) उतरवून, मधल्या अरुंद फटीत सिमेंट भरून जुनी छिद्रे बंद केली, की नवी छिद्रे हव्या त्या जागी पाडता येतात. जुनी छिद्रे रासायनिक गोळ्यांनी तात्पुरती बुजवणे स्वस्त पडते, पण मग पाणी नेमके कुठे शिरते यावर ताबा राहत नाही.

शेवटी टप्प्याटप्प्याने पाणी आणि वाळू उच्च दाबाने सोडावी. पाण्यामुळे चिरा उघडतात आणि वाळूचे कण त्या मिटू देत नाहीत. या काळात शेजारच्या विहिरी बंद ठेवून त्यांच्या दाबमापकांवर सतत लक्ष ठेवावे.