‘तू नक्की कुठला?’: दोन देशांच्या मुलाचे कागद आणि उत्तरं

आई एका देशाची आणि बाबा दुसऱ्या देशाचे असले की मूल आपोआप दोन्हीकडचं होतं, असं बऱ्याच घरांत धरून चालतात. पहिली मुदत हुकते ती यामुळेच.

बाळ यायच्या आधीच दोन्ही वकिलातींना विचारून घ्या: जन्मानंतर किती दिवसांत, कोणती नोंद? जपानी पालकाचं मूल परदेशात जन्मलं आणि त्याला जन्मतःच दुसरं नागरिकत्वही मिळालं, तर 3 महिन्यांच्या आत जन्मनोंदीबरोबर ‘जपानी नागरिकत्व राखून ठेवतो’ असं कळवावं लागतं. नाही कळवलं, तर ते जन्मापासूनच गेलं असं धरतात. भारतीय पालकाच्या, भारताबाहेर 3 डिसेंबर 2004 पासून पुढे जन्मलेल्या मुलाची नोंद भारतीय वकिलातीत 1 वर्षात व्हायला हवी; त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. शिवाय मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही, असं लिहून द्यावं लागतं. म्हणून प्रवासाच्या घाईत आधी दुसरीकडचा पासपोर्ट काढला, की ही वाट बंद होते. मग उरतं ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ (भारताचा परदेशस्थ नागरिक) कार्ड. त्याच्या नावात नागरिकत्व असलं, तरी मतदानाचा हक्क त्यात नाही.

लेबनॉन, कुवेत, कतार अशा देशांत परदेशी नवऱ्यापासून झालेल्या मुलाला आईचं नागरिकत्व सहसा मिळत नाही. अशा वेळी वडिलांच्या देशातली नोंद लांबणीवर टाकू नका. तीही राहिली तर मूल कुठलंच नाही, अशी पाळी येऊ शकते.

जन्मदाखल्यावरचं नाव दोन्ही देशांच्या कागदांवर अक्षरशः एकच ठेवा. एकीकडे मधलं नाव आहे, दुसरीकडे नाही. एकीकडे आईचं आडनाव, दुसरीकडे बाबांचं. लहानपणी हे कुणाला खटकत नाही. पुढे विमानतळावर तिकिटावर एक नाव आणि पासपोर्टवर दुसरं निघालं, की अडवतात. एकच पालक मुलाला घेऊन प्रवास करणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत असू द्या, सामानात नको.

आता कागदात न मावणारा भाग. आपलेपणा सणावाराला घातलेल्या पोशाखाने येत नाही, आजीशी दुभाष्याशिवाय भांडता येऊ लागलं की येतो. म्हणून ज्या भाषेचा वावर भोवताली कमी, ती बोलणाऱ्या पालकाने ती सोडू नये. शाळा सुरू झाली की मूल शाळेच्या भाषेत उत्तर देऊ लागतं. हे सगळीकडे होतं. तेव्हा ‘नीट बोल’ म्हणून दटावलं, तर ते बोलणंच टाळतं. आपण आपल्या भाषेत बोलत राहायचं आणि त्याचंच वाक्य पुरं करून सहज परत म्हणायचं.

‘तू नक्की कुठला?’ हा प्रश्न येणारच. त्याची उत्तरं घरी तयार करून ठेवा. एक लहान: ‘मी इथलाच.’ एक लांब: ‘मी इथला, माझी आई तिथली, आम्ही दोन भाषा बोलतो.’ आणि तिसरं: ‘आत्ता सांगायचं नाहीये.’ हे तिसरं मोठ्यांना उद्धट वाटतं, पण मुलाला सर्वांत जास्त गरज त्याचीच असते. ‘नाही, पण खरा कुठला?’ असं कुणी पुन्हा विचारलं, तर तिथे मुलाने नाही, बरोबरच्या मोठ्या माणसाने बोलायचं: ‘त्याने सांगितलं की.’

‘अर्धा’ हा शब्द घरात नकोच. जपानमध्ये अशा मुलांना सर्रास ‘हाफु’ म्हणतात. काही पालक त्याऐवजी ‘दाबुरु’, म्हणजे दुप्पट, म्हणतात. आमच्या मते दुप्पट म्हणणंही मुलावर ओझंच आहे. तिथेच जन्मलेल्या आणि वाढलेल्या आरियाना मियामोतो 2015 मध्ये मिस युनिव्हर्स जपान झाल्या, तेव्हा त्या पुरेशा जपानी नाहीत अशी टीका झाली. कागद, भाषा, जन्म, सगळं असूनही लोक चेहरा बघतात, हे मुलाला कुणी बाहेरचा सांगण्याआधी तुम्ही सांगा.

शाळेत वर्ष सुरू होतानाच शिक्षकांना भेटा. ‘आपल्या देशाचा झेंडा काढा’ म्हटल्यावर मूल कागदाची घडी घालून दोन्हीकडे एकेक काढतं, आणि त्याला ‘यातला एक खोडून टाक’ असं सांगितलं जातं. ते त्याला वर्षभर पुरतं. दोन चालतील का, एवढंच आधी विचारून ठेवा. दुसऱ्या देशाची बातमी आली की वर्गात त्यालाच उभं करू नका, हेही सांगा.

नातेवाइकांचे टोमणे ज्याचे त्याने थांबवायचे. रंग, नाक, उच्चार यांवर आजी घसरली, तर तिच्या मुलानेच बोलावं. सुनेने बोललं की ते भांडण होतं. भावंडांचे अनुभवही एक धरू नका. एकाला चेहऱ्यामुळे कुणी काही विचारत नाही, दुसऱ्याला रोज विचारतात.

कोणतं नागरिकत्व ठेवायचं, या निवडीबद्दल 17 व्या वर्षापासूनच घरात बोला. भारताच्या कायद्यात, परदेशात जन्मून वंशाने भारतीय झालेल्याकडे दुसरं नागरिकत्वही असेल, तर ते 18 पूर्ण झाल्यावर 6 महिन्यांत सोडावं लागतं, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. जपानमध्ये ही निवड आधी 22 व्या वर्षापर्यंत करता यायची. एप्रिल 2022 पासून, जन्मापासून दोन नागरिकत्वं असलेल्यांना 20 पर्यंतच. दक्षिण कोरियात मुलगा 18 चा होतो त्या वर्षीची 31 मार्च ही तारीख सक्तीच्या लष्करी सेवेमुळे महत्त्वाची. ती उलटल्यावर कोरियन नागरिकत्व सोडणं फार अवघड होतं. सही करण्याआधी, सोडलेलं नागरिकत्व पुन्हा मिळतं का आणि कोणत्या अटींवर, हे त्या वकिलातीकडून लेखी घ्या. आणि दोन भावंडांनी दोन वेगळे देश निवडले, तर वारसा, व्हिसा आणि आजारपणात कोण कुणाकडे येऊ शकेल, हे त्याच आठवड्यात कागदावर मांडा.