बागेतलं हवामान यंत्र आणि विहिरीवरचा मोबाईल स्टार्टर फोर-जीवर आणताना

आमची बाग दिंडोरी तालुक्यात, कादवेच्या काठापासून दोन शेतं अलीकडे. पावणेचार एकर थॉमसन जातीची द्राक्षं. बागेच्या मधोमध हवामान यंत्र आहे, ते पाऊस, तापमान, आर्द्रता, पानांचा ओलावा आणि जमिनीतली ओल मोजतं. विहिरीवर मोबाईल स्टार्टर, म्हणजे फोनवरून मोटार चालू-बंद करणारी पेटी. एका ऑक्टोबरात पोंगे फुटून तीन-चार पानं झालेली, आणि सलग दोन रात्री पाऊस झाला. ॲपवर मात्र पानांचा ओलावा शून्य तास. रोगाचा धोका नाही असं समजून मी फवारणी एक दिवस पुढे ढकलली. तो आकडा परवाचा होता. वेळ खाली बारीक अक्षरात लिहिलेली होती, ती मी पाहिली नव्हती. डाऊनी (केवडा रोग) थेट घडांवर आली.

माझे सासरे, आबा, यांनी यंत्राची पेटी उघडली तेव्हा आतला दिवा लुकलुकत होता. मोजणी चालूच होती, फक्त आकडे बाहेर पडत नव्हते. आकडे टॉवरकडे पाठवणारा मॉडेम थ्री-जीचा होता, टॉवरवरचं थ्री-जी काढून टाकलेलं होतं आणि त्या कोपऱ्यात टू-जीची रेंज पुरत नव्हती. म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: ॲप उघडलं की आकड्याआधी वेळ वाचायची.

हे आपल्याकडेच होतंय असं नाही. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्री-जी बंद केलं, ऑस्ट्रेलियात ते २०२४ च्या ऑक्टोबरअखेर संपलं. आपल्याकडे एअरटेलने २०१९ मध्ये कोलकात्यापासून सुरुवात करून २०२० पर्यंत थ्री-जी आवरलं. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली तीच फोर-जीवर, त्यांच्याकडे टू-जी कधी नव्हतंच. कारण साधं आहे. लहरींचा पट्टा मोजका असतो, आणि जुन्या सेवेने अडवलेला पट्टा मोकळा केला की त्यावर फोर-जी चालवता येतं.

आता मुख्य गोष्ट. विक्रेता म्हणेल, अख्खं यंत्र बदला. ऐकू नका. पर्जन्यमापक, आर्द्रतेचा सेन्सर, जमिनीतला सेन्सर यांना टॉवरशी काही देणंघेणं नसतं. ते तारेने पेटीला जोडलेले असतात आणि टॉवरशी बोलतो तो पेटीतला मॉडेम. आधी विचारा, एकटा मॉडेम बदलता येतो का. नसेल तर पेटी बदलून हेच सेन्सर नव्या पेटीला चालतील का. ज्यांचे सेन्सर ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या बिनपरवाना पट्ट्यात लोरा या बिनतारी पद्धतीने बोलतात, त्यांना तर सगळ्या सेन्सरचे आकडे गोळा करून पुढे पाठवणारा घराजवळचा एकच गेटवे बदलावा लागतो, बागेत हात लावायची गरज नाही. आम्ही पेटी बदलली, सेन्सर सगळे जुनेच ठेवले. आणि हो, जुनी पेटी काढण्याआधी मागच्या हंगामांची सगळी नोंद कंपनीकडून फाईलमध्ये मागून घ्या. आपल्याच बागेतल्या तीन-चार वर्षांच्या ओलाव्याच्या तासांची किंमत छाटणीची तारीख ठरवताना कळते.

खरेदीच्या आधी रेंज तपासा, आणि ती घराच्या ओट्यावर नव्हे, यंत्राच्या खांबाशी. अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* दाबलं की बऱ्याच फोनमध्ये चाचणीचं पान उघडतं. त्यात 'एलटीई ओन्ली' निवडा, म्हणजे फोन टू-जीवर घसरणार नाही आणि खरं काय ते कळेल. तिथेच सिग्नलच्या ताकदीचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. उणे ९५ असेल तर छान, उणे ११० च्या पुढे गेला तर त्या जागी ते सिम नको. शेजाऱ्यांची वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं मागून घ्या आणि प्रत्येक सिम घालून सकाळी एकदा, रात्री एकदा बघा. छाटणीनंतर बाग उघडी असते, त्या दिवसांतली रेंज फसवी निघते. डिसेंबरात मांडव पानांनी भरला, त्यावर दव पडलं की सिग्नल खाली येतो. म्हणून अँटेना मांडवाच्या वर, तारांपासून दूर, आणि केबल होईल तितकी आखूड. टू-जीची जुनी अँटेना ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेली असते. फोर-जीला ७०० पासून २७०० पर्यंत चालणारी घ्या, किरकोळ खर्चात मोठा फरक पडतो.

मॉडेम घेताना 'फोर-जी आहे' एवढ्यावर थांबू नका, कोणते बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, त्यात चालतात ते लेखी विचारा. जिओ ८५०, १८०० आणि २३०० वर चालतं. बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० वर आहे, तेव्हा ते सिम घालायचं असेल तर मॉडेममध्ये ७०० हवाच. कॅट-वन जातीचा, म्हणजे कमी वेगाचा फोर-जी मॉडेम शेतीला पुरेसा आहे. दर १५ मिनिटांनी अर्धा केबी पाठवला तरी महिन्याला दीड एमबीच्या आसपास जातो, त्यामुळे डेटाचा मोठा प्लॅन लागत नाही. लागते ती वैधता, कारण रिचार्ज संपला की यंत्र पुन्हा गप्प.

सिमच्या बाबतीत आमचे चार दिवस गेले. जुनं सिम टू-जीच्या काळातलं, ते फोर-जीचं करून घ्यावं लागलं आणि ते आबांच्या नावावर असल्याने त्यांनाच आधार कार्ड घेऊन जावं लागलं. तुमचं कुणाच्या नावावर आहे ते आजच बघून ठेवा. नवं सिम आधी फोनमध्ये घालून एक कॉल करा, इंटरनेट चालवून पाहा, पिनचं कुलूप काढा, मगच पेटीत घाला. कंपनी बदलली की एपीएनही बदलतो, म्हणजे इंटरनेट जोडण्यासाठी मॉडेममध्ये भरायचं कंपनीचं नाव. जिओचा 'जिओनेट', बीएसएनएलचा 'बीएसएनएलनेट', इंग्रजी लहान अक्षरांत. कंपनीने दिलेलं तेरा आकडी एम-टू-एम (खास यंत्रांसाठीचं) सिम असेल तर ही खटपट त्यांच्यावर सोपवा.

मोबाईल स्टार्टरची गोष्ट वेगळी आहे, आणि माणसं इथेच अडकतात. बहुतेक जुने स्टार्टर कॉल उचलून चालतात आणि तो कॉल टू-जीवरून येतो. त्यात जिओचं सिम घातलं तर काहीच होणार नाही. नवा स्टार्टर फोर-जीचा असूनही त्यात व्हीओ-एलटीई (फोर-जीवरूनच कॉल करायची सोय) नसेल तर जिओवर इंटरनेट चालेल, पण कॉल लागणार नाही. दुकानातच सिम घालून कॉल लावून दाखवा म्हणायचं. रात्रीच्या थ्री फेजच्या पाळीत विहिरीवर जायला लागू नये म्हणून तर आपण हा घेतो. बसवताना मेन स्विच पाडूनच, आणि वायरमनकडूनच. बदलल्यावर घरातले नंबर पुन्हा नोंदवा आणि ड्राय रनची, म्हणजे पाणी नसताना मोटार आपोआप थांबवायची मर्यादा पुन्हा लावा. आमच्याकडे ती कोऱ्या स्टार्टरमध्ये बंद होती, वेळेत लक्षात आलं म्हणून मोटार वाचली.

हे सगळं गोडी छाटणीच्या (फळं धरण्यासाठीच्या छाटणीच्या) किमान महिनाभर आधी उरका. आम्ही ऑगस्टमध्ये केलं. आठ दिवस रोज सकाळी पेटीच्या पडद्यावरचा आकडा वहीत लिहून ॲपशी ताडून पाहिला. पर्जन्यमापकाची परीक्षा घरीच होते. आमच्या मापकाच्या तोंडाचा व्यास १६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे २०० चौरस सेंटिमीटर, आणि आतली वाटी ०.२ मिलिमीटरला एकदा पलटते. म्हणजे एका पलटीला ४ मिली पाणी. १०० मिली पाणी हळूहळू ओतलं की २५ पलट्या, ॲपवर ५ मिलिमीटर दिसायला हवेत. आमचे दिसले अडीच. नव्या पेटीत पलटीची किंमत ०.१ भरलेली होती, ती दुरुस्त करून घेतली. पानांच्या ओलाव्याच्या सेन्सरवर पंपाने पाणी फवारा, ॲपवर 'ओलं' येतंय का आणि वाळल्यावर 'कोरडं' होतंय का, दोन्ही पाहा.

यंत्र बंद असेल त्या दिवसांत आपल्या महसूल मंडळातल्या महावेधच्या, म्हणजे राज्याच्या हवामान केंद्राचा पाऊस बघा आणि पुण्याजवळच्या मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला वाचा. हवामान केंद्र लांब असतं, आपल्या मांडवाखालचा ओलावा त्यात येत नाही, म्हणून पहाटे बागेत जाऊन पानाला हात लावून बघणंही आलंच.

शेवटी पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहा: सिमचा नंबर, कुणाच्या नावावर, एपीएन, रिचार्ज कधी संपतो, पलटीची किंमत. आमच्याकडे ते आबांच्या अक्षरात आहे.